विषय : प्रश्नसंचात संभाव्यता ७/६ आणि वजा १/६ छापल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक विभाग

महोदय,

आपला दहावीचा गणित भाग १ चा प्रश्नसंच मी जूनमध्ये मुलीसाठी घेतला. त्यातल्या पाचव्या प्रकरणाच्या, म्हणजे संभाव्यतेच्या, उत्तरांबद्दल हे पत्र.

प्रश्न असा : एक फासा टाकल्यास मूळ संख्या किंवा ६ चा विभाजक येण्याची संभाव्यता काढा. मुलीने २, ३, ५ आणि १, २, ३, ६ असे गट मांडले, एकत्र करून पाच अंक मोजले, उत्तर काढलं ५/६. मागे पाहिलं तर ७/६. बिचारीने बरोबर उत्तर खोडलं आणि तिथे ७/६ लिहिलं. खोडरबराने कागद विरला होता, म्हणून माझं लक्ष गेलं.

सहा अंकांच्या फाशावर सात अनुकूल अंक आणलेत कुठून? २ आणि ३ दोन्ही गटांत आहेत, ते आपण दोनदा मोजलेत. पुढचा उपप्रश्न, यांपैकी काहीच न येण्याची संभाव्यता. आपलं उत्तर वजा १/६! अहो, एकटा ४ उरतो, उत्तर १/६. जे घडूच शकत नाही त्याची संभाव्यता ०, जे हमखास घडणार त्याची १. शून्याखाली जाणार कुठे?

फोनवर आपल्या प्रतिनिधी म्हणाल्या, "छपाईची चूक आहे, ताई." छपाईची चूक असती तर नुसता ५ चा ७ झाला असता. इथे ३/६ + ४/६ आणि खाली १ − ७/६ अशा पायऱ्या आहेत. कुणीतरी बसून सोडवलंय हे.

त्याहून वाईट पुढच्या पानावर. सम संख्या किंवा ३ पेक्षा मोठी संख्या : ३/६ + ३/६ = १. हे उत्तर मर्यादेत बसतं, म्हणून डोळ्यांत खुपत नाही. पण मग १ किंवा ३ पडायलाच नको. आम्ही ल्युडोचा फासा घेऊन बसलो, तिसऱ्याच खेपेला ३ पडला. खरं उत्तर ४/६, म्हणजे २/३.

'किंवा' असलेली सगळी उदाहरणं तपासून शुद्धिपत्रक काढावं, ते विक्रेत्यांकडेही पाठवावं आणि माझे पैसे परत करावेत. पावतीची प्रत आणि दोन्ही पानांचे फोटो जोडले आहेत. वापरलेलं पुस्तक घेत नाही असं दुकानदार म्हणतो. पेन्सिलीच्या खुणांसकट ते आपल्यालाच घ्यावं लागेल.

कळावे,
एक पालक