गाडी बंद पडली तर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

सोमवारपासून तू गाडी घेऊन ऑफिसला जाणार, तीही फ्रीवेने, असं आई म्हणाली. फोनवर सांगितलं असतं तर "हो बाबा, माहितीये" म्हणून ठेवला असतास. म्हणून लिहितो.

गाडी अचानक क्वचितच बंद पडते, आधी कुरकुरते. टेंपरेचरचा काटा चढतो, बॅटरीचा दिवा लागतो, पिकअप जातो. अशा वेळी "ऑफिसपर्यंत नेते कशीबशी" हा विचार करायचा नाही. डावीकडे यायचं आणि जमलं तर पहिल्याच उताराने खाली उतरायचं. चालत्या गाडीत इंजिन बंद झालंच, तर स्टीअरिंग जड होतं आणि दोन-तीनदा दाबला की ब्रेक दगडासारखा लागतो. ब्रेक फेल झालेला नसतो, त्याला इंजिनची मिळणारी मदत गेलेली असते. सारखा पंप न करता एकदाच जोर लावून दाबून धर. गाडी थांबेपर्यंत चावी काढू नकोस, स्टीअरिंग लॉक होतं.

थांबलीस की चारही इंडिकेटर लाव. आता महत्त्वाचं. गॅरेजमध्ये इतकी वर्षं ऐकत आलोय, गाडी बिघडल्याने कोणी मेलं नाही. मेले ते बिघडलेल्या गाडीच्या मागे उभे राहणारे, बॉनेटमध्ये डोकं घालणारे, रस्त्याच्या बाजूचं टायर बदलणारे. 2022 च्या ऑक्टोबरात वांद्रे-वरळी सी लिंकवर आधीच्या अपघातातल्या जखमींना ॲम्ब्युलन्समध्ये चढवत होते, तेवढ्यात मागून भरधाव गाडी घुसली. पाच जण गेले.

तेव्हा डाव्या दाराने उतर आणि कठड्याला लागून गाडीच्या मागच्या बाजूला लांब जाऊन उभी राहा, तोंड येणाऱ्या गाड्यांकडे. पुढे नाही, कारण मागून धडक बसली तर गाडी पुढेच फेकली जाते. फ्रीवेवर बाजूला थांबायला जागा नसते, त्यामुळे उतरणंच धोक्याचं वाटलं तर पट्टा लावून आतच बस. आधी 112, मग मला. मी काही उडून येणार नाही. जागा सांगताना "फ्रीवेवर आहे" एवढ्याने भागत नाही. कुठल्या दिशेने जात होतीस, शेवटची पाटी कुठली दिसली, जवळच्या खांबावर नंबर असेल तर तो, हे सांग.

लाल त्रिकोण 50 मीटर मागे, म्हणजे साधारण 70 पावलं. नेताना छातीसमोर धरून ने, चकाकती बाजू गाड्यांकडे. ट्रॅफिक अंगावर येत असेल तर त्रिकोण राहू दे. आपल्याकडे त्याऐवजी दगड आणि झाडाची फांदी ठेवतात, गाडी निघून जाते आणि दगड तिथेच राहतात, रात्री एखादा बाइकवाला त्यावर आपटतो. मला त्याचा फार राग आहे.

पावसाचं वेगळं. मिलन किंवा अंधेरी सबवेत पाणी दिसलं की आत घालायचीच नाही, पुढची रिक्षा गेली तरी. पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. दर पावसाळ्यात असे इंजिन उघडतो मी. पाणी चढायला लागलं की आधी काच खाली कर, नंतर पॉवर विंडो चालेलच असं नाही.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला. पाणी उतरेल म्हणून काही लोक काचा बंद करून गाडीतच बसले आणि तिथेच गुदमरले. 29 ऑगस्ट 2017 ला मुंबईतले एक मोठे डॉक्टर गाडी सोडून पाण्यातून घरी चालत निघाले आणि उघड्या मॅनहोलमध्ये गेले. म्हणजे गाडी सोडायची, पण पाणी घोट्याला असतानाच, आणि घरी नाही निघायचं. समोर जी इमारत असेल तिच्या पहिल्या मजल्यावर जा. जिन्यात बस. आपल्याकडे कोणी हाकलत नाही, चहाच विचारतात.

न बोलावता टोइंगवाला आला तर आधी पैसे ठरव, चावी नंतर.

तुझा त्रिकोण डिकीत स्टेपनीच्या खाली दडपलाय, मी पाहिलंय. तो आणि टॉर्च पुढच्या सीटखाली घे. रविवारी गॅरेजवर ये, कूलंट आणि स्टेपनीची हवा बघून घेऊ. आईने लाडू करून ठेवलेत, तेही ने.

तुझा,
बाबा