जुन्या दरांच्या चौकटीत शेतकऱ्याचा कापूसही छापावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या काळचे बाजारभाव देणारी जी छोटी चौकट येते, ती मी न चुकता वाचतो आणि नातवंडांनाही वाचून दाखवतो. गेल्या खेपेस तीत १९३१ सालचे भाव होते. सोने, साखर, तूप, कापड, सगळेच आज वाचताना डोळे विस्फारावेत असे. त्याखाली ‘असा सुखाचा काळ पुन्हा येणे नाही’ अशा अर्थाची एक ओळ होती. त्या एका ओळीने मला हे पत्र लिहायला बसवले आहे.

माझी आजी वऱ्हाडातली, कापसाच्या घरातली. जागतिक मंदी हा शब्द तिने कधी ऐकला नसावा. तिच्या तोंडी त्या वर्षांचे नाव ‘सस्ताई’ असे होते, आणि ते नाव ती दुष्काळाचे किंवा पटकीचे नाव घ्यावे तशा आवाजात घेई. ‘सस्ताईनं खाल्लं बाप्पा आमाले,’ हे तिचे वाक्य मी लहानपणी कितीदा ऐकले असेल! ज्या स्वस्ताईचे आपण कौतुक छापतो, ती तिच्या घराला खाऊन गेली, हे कसे, ते समजायला मला माझे निम्मे आयुष्य लागले.

कारण साधे आहे. स्वस्त झालेले धान्य, स्वस्त झालेला कापूस आणि स्वस्त झालेला गूळ हे कुणीतरी विकलेले असते. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, तरी शेतमालाचे भाव त्याआधी दोन-तीन वर्षांपासूनच उतरू लागले होते. पुढे ते घसरणीला लागले ते थांबेचनात. कलकत्त्याच्या घाऊक भावांचा त्या काळचा निर्देशांक जुलै १९१४ चे भाव शंभर धरून काढीत. तो १९२९ मध्ये १४१ होता, १९३१ मध्ये ९६ वर आला आणि १९३३ मध्ये ८७ वर. पंधरा-वीस वर्षे मागे जाऊन पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या भावांच्याही खाली माल गेला, असा याचा अर्थ. आणि ही झाली सगळ्या जिनसांची सरासरी. कापसासारख्या निर्यातीच्या मालाचे तर निम्मेही हाती येईना.

वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाई, मुंबईहून जपानला आणि युरोपला. अमरावती, अकोला, खामगाव, यवतमाळ, कारंजा इथले बाजार मुंबईकडे कान लावून असत, आणि मुंबई लिव्हरपूल व न्यूयॉर्ककडे. आजोबा सांगत की कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, पहाटेच बाजाराच्या आवारात लागत, बैल सोडून चाकाला बांधत आणि मुंबईची तार आली की अडते-दलालांची धावपळ सुरू होई. भाव तोंडाने बोलायचा नाही. उपरण्याच्या पदराखाली हात घालून बोटांनी सांगायचा. पदराखाली दलालाने आपले एक बोट सोडून दिले की भाव किती उतरला ते कळे, असे ते आपली बोटे माझ्या हातात देऊन दाखवीत. पटले नाही तर बंडी परत न्यायची. पण बारा कोसांवरून आणलेला कापूस परत नेऊन पुन्हा आणायचा, तर तोवर दुसरी तार येऊन भाव आणखी खाली गेलेला असे. सौदा झाल्यावर जिनात, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, माल रिकामा करताना ‘कवडी (किडका, डागी कापूस) फार आहे’, ‘ओल आहे’ म्हणून ठरलेल्या भावातून पुन्हा काही कापले जाई, ते निराळेच.

आता यातली खरी मेख सांगतो. कापूस स्वस्त झाला, ज्वारी स्वस्त झाली, पण शेतकऱ्याला ज्या गोष्टी द्यायच्या होत्या त्यातली एकही स्वस्त झाली नाही. शेतसारा रोख रुपयांत ठरलेला होता आणि तो तीस-तीस वर्षांसाठी एकदाच होणाऱ्या साऱ्याच्या आकारणीत, तेजीच्या दिवसांचा अंदाज धरून बसवलेला. काही ठिकाणी थोडी सूट-तहकुबी मिळाली, पण भाव उतरले त्या मानाने सारा उतरला नाही. कर्जाचेही तेच. शंभर रुपयांचे कर्ज काढताना जेवढा कापूस शंभराचा होता, त्याच्या दुप्पट कापूस आता शंभराला घालावा लागे, आणि व्याज पूर्वीच्याच दराने चढे. मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने १९३१ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या ग्रामीण कर्जाचा अंदाज सुमारे ९०० कोटी रुपये दिला होता. तो आकडा भाव कोसळण्याच्या आधीच्या कर्जांचा आहे, आणि भाव कोसळताच, एक पैसा नवा न काढता, तेच कर्ज मालाच्या हिशेबात जवळजवळ दुप्पट झाले.

एवढ्यावरही भागले नाही. सप्टेंबर १९३१ च्या जादा अंदाजपत्रकात सरकारने बहुतेक करांवर पाव हिश्शाचा अधिभार बसवला. मणाला १ रुपया ४ आणे असलेला मिठावरचा कर १ रुपया ९ आणे झाला. अर्ध्या आण्याचे पोस्टकार्ड पाऊण आण्याचे झाले. ज्या वर्षाच्या स्वस्ताईचे आपण गोडवे गातो, त्याच वर्षी खेड्यातल्या माणसाला मीठ आणि पत्र महाग झाले होते, हे आपल्या चौकटीत कुठे दिसत नाही.

त्यात रुपयाचा दरही शेतकऱ्याच्या मुळावर होता. १९२७ मध्ये सरकारने रुपया १ शिलिंग ६ पेन्सांना बांधला. तो १ शिलिंग ४ पेन्स असावा, असा मुंबईच्या व्यापाऱ्यांचा आग्रह होता आणि चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हिल्टन यंग आयोगावर असलेल्या पुरुषोत्तमदास ठाकूरदासांनी तशी भिन्नमतपत्रिका जोडली होती. फरक दोनच पेन्सांचा दिसतो. पण विलायतेत एक पौंडाला विकलेल्या मालाचे जुन्या दराने इथे १५ रुपये होत, ते नव्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै झाले. मंदी यायच्या आधीच शेतकऱ्याच्या पंधरा रुपयांतून जवळजवळ पावणेदोन रुपये गेलेले होते.

आमच्या घरी त्या वर्षांच्या दोन वह्या आहेत, लाल खारव्याच्या बांधणीच्या, मोडीत लिहिलेल्या. मोडी शिकून मी त्या वाचल्या. शके १८५२ च्या (१९३०-३१) एका पानावर खर्चाच्या बाजूला ‘शेतसारा हप्ता’ आहे आणि त्याच तिथीला जमेच्या बाजूला ‘पुतळ्यांची माळ गहाण’. पुढच्या वर्षी, शके १८५३ च्या मार्गशीर्षात (१९३१ च्या अखेरीस), जमेला ‘पुतळ्या नग २१ मोड’ अशी नोंद आहे. साहूकाराचे मुद्दल आणि व्याज वळते करून हाती आले तीन रुपये काही आणे, आणि त्यांच्यापुढे खर्चाला मीठ, गोडे तेल व एक धोतरजोडी. आजीच्या लग्नातली माळ अशी संपली. पुढे तिने पुतळ्यांचा विषय कधी काढला नाही, पण कुणाच्या गळ्यात माळ दिसली की पुतळ्या मोजायची तिची सवय मी पाहिली आहे.

ती तिथी केवळ आमच्या घरची नव्हती. २१ सप्टेंबर १९३१ ला इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले, म्हणजे पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सोडली, आणि रुपया पौंडाच्या शेपटीला बांधलेलाच राहिला. तोवर कायद्याने ठरलेला सोन्याचा भाव तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै होता. तो काही महिन्यांत तिशीच्या घरात गेला. सगळ्या मालाचे भाव पडलेले असताना घरात चढ्या भावाची एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे बायकांच्या अंगावरचे सोने. गावोगावचे सोनार आणि सराफ ते घेत, ते मुंबईच्या झवेरी बाजारात वितळे आणि लगडी होऊन बोटीने लंडनला जाई. पहिल्याच वर्षात पन्नास कोटी रुपयांहून अधिक किमतीचे सोने असे देशाबाहेर गेले. लोक चढ्या भावाचा नफा घेत आहेत, असे सरकारचे म्हणणे होते. ज्यांच्याकडे साठवणीचे सोने होते त्यांनी तो घेतलाही असेल; पण हप्त्याच्या तारखेला मोडलेल्या माळेला नफा कसे म्हणावे, हे मला अजून उमगलेले नाही.

मग स्वस्ताईच्या गोड आठवणी खोट्या का? मुळीच नाहीत. ज्याला महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार मिळे, त्या शिक्षकाला, कारकुनाला, पेन्शनरला ते दिवस खरोखरच बरे गेले. सरकारी नोकरांच्या पगारात १९३१ च्या अखेरीस दहा टक्के कपात झाली, तरी भाव त्याहून कितीतरी अधिक उतरलेले होते. १ जून १९३० ला दख्खनची राणी मुंबई-पुणे धावू लागली, त्याच वर्षी किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघाले, मार्च १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये पहिला हिंदी बोलपट लागला आणि पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभातने मराठी बोलपट आणला. १ जानेवारी १९३२ ला पुण्यात ‘सकाळ’ सुरू झाला. शहरातल्या पगारदार घरांना ही सारी नवलाई अंगावर येईल तेवढी घेता आली. पुढे आठवणी लिहिल्या त्या याच घरांनी. कापूसवाल्याने वही लिहिली, आत्मचरित्र लिहिले नाही, आणि म्हणून आपल्या सामुदायिक आठवणीत तो काळ स्वस्ताईचा राहिला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारालाही ज्वारी स्वस्त मिळे, पण नोकरी टिकली तोवर. पुढे पगारकपात इतकी झाली की १९३४ मध्ये सार्वत्रिक संप पुकारावा लागला.

त्या वर्षांचे राजकारणही या हिशेबापासून सुटे काढता येत नाही. १० जुलै १९३० ला वऱ्हाडचे पुढारी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून जंगल सत्याग्रह केला, तेव्हा माणसे का लोटली? समुद्र नसलेल्या वऱ्हाडाला मीठ करता येत नव्हते हे एक कारण झालेच. पण ज्याच्या बैलाला चारा विकत घ्यायची ऐपत उरली नव्हती, त्याला राखीव जंगलातल्या गवताचा कायदा काय आहे, ते कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकखाली गेलेला बाबू गेनू हा महाळुंगे पडवळच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा आणि गिरणीतला मजूर होता, हेही या संदर्भात वाचावे. आपण ही नावे स्वातंत्र्यलढ्याच्या पानावर छापतो आणि भाव मनोरंजनाच्या पानावर.

माझी विनंती मोठी नाही. ही चौकट बंद करू नये. तिच्यातल्या सोन्याच्या भावाशेजारी त्याच अंकातला कापसाचा आणि ज्वारीचा भावही छापावा, म्हणजे तोळाभर सोन्यासाठी किती कापूस घालावा लागे, हे वाचकालाच काढता येईल. शक्य असेल तर शेतमजुराची त्या वर्षीची रोजची मजुरीही द्यावी. विदर्भ-खानदेशातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर अशा वह्या अजून आहेत आणि त्या दर दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत चालल्या आहेत. आपण एकदा आवाहन केलेत तर निदान काही वाचतील.

शके १८५२ आणि १८५३ च्या त्या दोन पानांची छायाप्रत सोबत जोडली आहे, शेजारी माझ्या हाताने देवनागरी लिप्यंतर केले आहे. मूळ वह्या मी गावच्या वाचनालयाकडे देत आहे. प्रत परत पाठवू नये, आपल्या दप्तरी राहू द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक जुना वाचक,
अमरावती जिल्हा