शूटिंगला घर देणाऱ्या काका-काकूंना

प्रिय काका-काकू,

तुम्ही सदाशिव पेठेतल्या वाड्यात राहत असा, डोंबिवलीच्या वन-बीएचकेत किंवा सांगलीच्या बैठ्या घरात; लघुपटाच्या युनिटला घर देणं म्हणजे काय, हे आम्हा शूटिंगवाल्यांना पुरतं ठाऊक आहे. पंधरा-वीस माणसं, एकच बाथरूम आणि दुपारीच तळ गाठणारी पाण्याची टाकी. टायटलमध्ये 'विशेष आभार'खाली तुमचं नाव जेमतेम दोन सेकंद दिसतं. म्हणून हे पत्र, आणि त्यात मोघम आभार नकोत.

साउंडवाल्याच्या एका शब्दावर तुम्ही फ्रीज बंद करता, आत दूध-भाजी असतानाही. कंप्रेसर मधेच चालू होतो, मधेच थांबतो. एका शॉटमध्ये घरघर आहे आणि त्याला जोडलेल्या पुढच्या शॉटमध्ये नाही, तर तो सांधा प्रेक्षकाच्या कानाला टोचतो. नंतर ती घरघर काढायला गेलं की संवादाचा भरदारपणाही थोडा जातोच. दार उघडलं नाही तर बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत तो पुन्हा लावणं हे युनिटचं काम आहे, तुमचं नाही. (जाणते साउंडवाले गाडीची किल्ली फ्रीजमध्येच ठेवतात, मग तो सुरू न करता घरी जायची सोयच उरत नाही.)

पंख्याचंही तसंच. मे महिन्यात तो बंद ठेवायला लावणं जिवावर येतं, पण त्याची घूं-घूं प्रत्येक वाक्याखाली बसते, आणि लाइट वरून येत असेल तर पात्यांची सावली भिंतीवर फिरत राहते. पॅकअपआधी रूम टोन, म्हणजे खोलीची नुसती शांतता, रेकॉर्ड करून घेतात: किमान तीस सेकंद खोलीतल्या कुणीही हलायचं नाही, बोलायचं नाही. एडिटमध्ये संवादांमधल्या फटी त्याच शांततेने भरतात. माणसं आणि सामान कमी झालं की खोलीचा आवाज बदलतो, म्हणून सगळे आत असतानाच ती घ्यावी लागते. तेवढा वेळ तुम्हीही हातातलं भांडं खाली न ठेवता थांबता. त्याचं मोल आम्हाला एडिट टेबलावर कळतं.

पण सगळ्यात मोठं ऋण तुमच्या माहितीचं आहे. रेकीला, म्हणजे शूटिंगआधी जागा पाहायला, युनिट तासाभरासाठी येतं. तेवढ्यात घर कळत नाही. सोसायटीचा पंप किती वाजता लागतो, घंटागाडी गाणं वाजवत कधी येते, समोरच्या शाळेची मधली सुट्टी कधी, हे तुम्ही सांगता म्हणून संवादाचे शॉट त्या वेळा टाळून लावता येतात. पूर्वेच्या खिडकीतलं ऊन सोफ्यावरून कधी उतरतं, हेही तुमच्याकडूनच कळतं. पडद्यावरच्या तीन मिनिटांच्या प्रसंगाला अर्धा दिवस सहज जातो, आणि ऊन कुणासाठी थांबत नाही. वेळ आधी माहीत असेल तर खिडकी दिसणारे वाइड शॉट आधी उरकतात. मग खिडकीला ट्रेसिंग पेपर लावून बाहेरून लाइट देऊन क्लोजअप घेतात.

विजेच्या बाबतीत तर तुमचा शब्द शेवटचा. हजार वॉटचा एक लाइट २३० व्होल्टला साधारण ४.३ अँपिअर ओढतो. असे दोन एकाच बोर्डावर लावले आणि त्या लाइनचा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) ६ अँपिअरचा असला, की टेक ऐन रंगात असताना अंधार. जुन्या घरात एमसीबीऐवजी किटकॅट फ्यूज असतो, आणि जाड तार घालून तो 'पक्का' केलेला असेल तर फ्यूजआधी भिंतीतली वायर तापते. हे फार धोक्याचं आहे. म्हणून कुठला बोर्ड कुठल्या लाइनवर आहे आणि गीझरचा १६ अँपिअरचा पॉइंट वेगळा आहे का, हे तुम्ही दाखवता तेव्हा लाइटदादाचा जीव भांड्यात पडतो. त्या पॉइंटवर लाइट असेपर्यंत तुमची आंघोळ मात्र लांबते.

भिंतीचं नुकसान बहुतेकदा पॅकअपच्या घाईत होतं. गॅफर टेप (शूटिंगमधली जाड कापडी चिकटपट्टी) थेट डिस्टेंपरवर लावली की ओढताना रंगाचा पोपडा घेऊनच निघते. खाली मास्किंग टेपचा थर हवा, आणि काढताना ती भिंतीलगत मागे वळवून सावकाश सोडवायची. घड्याळाचा सेल काढतात तो टिकटिक थांबवायला आणि दहा वाजताच्या प्रसंगात काटे दीडवर दिसू नयेत म्हणून. तो परत घालायचं राहतं. तुम्ही हे सारं बोलून दाखवत नाही, हा तुमचा मोठेपणा. पण बोलायला हवं.

पुढचं युनिट येईल तेव्हा त्यांच्याकडून तारखा आणि वेळा लेखी घ्या. सामान हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढायला सांगा, म्हणजे देव्हाऱ्यातली समईसुद्धा जागच्या जागी परत येईल. पाण्याच्या टँकरचा आणि विजेचा खर्च आधीच ठरवा, रंगासाठी अनामत मागा. चांगलं युनिट याला नाही म्हणत नाही. आणि टायटलमध्ये नाव कसं लिहायचं, तेही त्याच कागदावर लिहून द्या.

मनापासून आभार.

तुमच्या घरात शूटिंग करणारी
आम्ही छोट्या युनिटची माणसं