वादळाच्या दिवसांत तोच गेम, तीच कादंबरी

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की, "वादळाचा इशारा आहे म्हणतेस आणि गेम खेळत बसली आहेस? आणि तोही शाळेत असताना खेळायचीस तोच?" तेवढ्यात फोन तुटला आणि उत्तर राहून गेले. फोनवर ते नीट सांगताही आले नसते, म्हणून हे पत्र.

नवा गेम घेऊन ठेवलेला आहे, पण या दिवसांत तो उघडावासा वाटत नाही. पुढच्या वळणावर काय होईल ही धास्ती हीच नव्या गेमची गंमत असते. परंतु हवामान खात्याचे प्रत्येक बुलेटिन जेव्हा वादळाचा मार्ग थोडा थोडा सरकवून सांगत असते, तेव्हा करमणुकीसाठी आणखी एक धास्ती ओढवून घेण्याची हौस उरत नाही. म्हणून मी २००२ साली आलेला 'द विंड वेकर' पुन्हा लावला. बाबा, तुम्ही आयुष्यात एकदाच गेमचा कंट्रोलर हातात घेतलात, तो याच गेमसाठी, आणि शिडाची होडी सरळ बेटावर नेऊन आदळलीत, ते तुम्हाला आठवत असेल. त्या गेममध्ये सारे जग समुद्राखाली गेलेले आहे, वर फक्त बेटे उरली आहेत, आणि नायकाजवळ अशी एक छडी आहे की ती ठरावीक तालात फिरवली की वारा हव्या त्या दिशेला वळतो. लहानपणी मला हे वारंवार छडी फिरवणे कंटाळवाणे वाटायचे. आता बाहेर खिडक्या थडथडत असताना तेच काम मी अगदी सावकाश, चवीने करते. वाऱ्याला एकदा "पूर्वेकडे" म्हणून सांगावे आणि त्याने मुकाट्याने ऐकावे, यात किती समाधान आहे हे तेव्हा कळण्यासारखे नव्हते.

अर्थात हे सारे वीज असेपर्यंतच. विजा जवळ कडाडू लागल्या की मी टीव्ही आणि गेमचे यंत्र यांचे प्लग भिंतीतून काढून ठेवते, कारण जवळ वीज पडली तर सर्ज प्रोटेक्टरच्या, म्हणजे विजेचा दाब एकदम वाढला तर यंत्रे वाचवणाऱ्या साधनाच्या, भरवशावर राहता येत नाही. त्यानंतर हातात धरून खेळायचे छोटे यंत्र बाहेर येते, तेही चार्जरला न जोडता आणि ब्राइटनेस कमी करून. त्यावर मी 'स्टारड्यू व्हॅली' हा २०१६ सालचा शेतीचा गेम खेळते. आई, तुला तो आवडेल असे मला नेहमी वाटते. त्यात पाऊस आला की पिकांना पाणी घालायचे काम वाचते, आणि शेतात वीजरोधक उभा केलेला असला तर त्यावर पडलेल्या विजेपासून दुसऱ्या दिवशी चक्क एक बॅटरी तयार मिळते. घरात खरी बॅटरी टक्क्याटक्क्याने उतरत असताना गेममधल्या त्या बॅटऱ्या मोजण्यात जो उपरोध आहे, त्यावर मी एकटीच हसते. या गेमची एक खोड मात्र महागात पडते: रात्री अंथरुणावर जाऊन झोपल्याशिवाय तो दिवस सेव्ह होत नाही. मागच्या वादळात नेमके दुपारी यंत्र बंद पडले आणि तो दिवस न झाल्यासारखा झाला. गेममधला दिवस जेमतेम १४ मिनिटांचा असतो, त्यामुळे नुकसान असे काही नव्हते. तरी मी चिडले होते हे कबूल करते.

जुन्या गेमचा आणखी एक गुण याच दिवसांत कळतो. अलीकडचे कित्येक गेम इंटरनेट नसले की दारातच अडवतात. म्हणून इशारा आला की मी प्रत्येक गेम वाय-फाय बंद करून एकदा उघडून पाहते, आणि जो उघडत नाही तो त्या आठवड्यापुरता यादीतून बाद करते.

मग कादंबरी. बॅटरी संपल्यावर जे उरते ते पुस्तक, असे मी पूर्वी म्हणत असे. आता तसे म्हणणार नाही, कारण सोसाट्याच्या वाऱ्यात वाचण्यासाठीच मी एक पुस्तक वेगळे काढून ठेवले आहे, ते म्हणजे डॅनिएल डिफोची १७१९ सालची 'रॉबिन्सन क्रूसो'. नोव्हेंबर १७०३ मध्ये इंग्लंडवर फार मोठे वादळ आले होते, तेव्हा याच डिफोने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांकडून त्यांनी स्वतः पाहिलेल्या हकिकती मागवल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक काढले. हे ठाऊक झाल्यापासून मी कादंबरीतली जहाज फुटल्यानंतरची पाने निराळ्या नजरेने वाचते. क्रूसो फुटक्या जहाजावर पुन्हा पुन्हा पोहत जाऊन सामान आणतो, त्याची नोंद ठेवतो, आणि शाई संपेपर्यंत रोजनिशी लिहितो. मी टॉर्चचे सेल मोजत असताना त्याचा हिशेब वाचायला फार बरे वाटते. त्याची सुटका होणार हे मला माहीत असते, त्यामुळे घाई नसते. एकेका फळीपाशी थांबता येते.

आई, तू तुझी ती जाड कादंबरी दर पावसाळ्यात पहिल्या पानापासून काढतेस, तेव्हा तुला कोणी काही विचारत नाही. मला मात्र विचारतात, ही माझी किरकोळ तक्रार नोंदवून ठेवते.

आज रात्री वारा वाढेल असे सांगितले आहे. दोन्ही यंत्रे पूर्ण चार्ज आहेत, पॉवर बँक भरलेली आहे, पुस्तक आणि टॉर्च उशाशी आहेत. फोन लागला नाही तर काळजी करू नका. बाबा, तुमची होडी ज्या बेटावर आदळली होती, तिथपर्यंत मी काल पोहोचले. आणि आई, तू कितव्या पानावर आहेस ते कळव; फोन सुरू झाला की तिथूनच बोलू.

तुमची,
लेक