तुमच्याकडचं रक्त

फलटण,
सोमवार, सकाळी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवरच बोलले असते, पण मी बोलायला लागले की तू "हं, हं" करत लॅपटॉपवर टकटक करतोस, म्हणून लिहिते. वाचताना तरी मध्येच हं म्हणता येत नाही.

गणपतीत तू पूजेला पाटावर बसला नाहीस. बाबांनी काही न बोलता पळी स्वतःच उचलली. तू आत येऊन मला दोन नारळ खवून दिलेस, उकडीचं आधणही तूच ठेवलंस. आजी त्या वेळी गप्प होत्या. तुझी बस गेल्यावर आरतीचं तबक पुसता पुसता म्हणाल्या, "आमच्याकडे नव्हतं हो असं कुणी. हे तुमच्याकडचं रक्त."

मी हे तुला हसत सांगितलं आणि बुधवारी तुझा मेसेज आला. आजी बरोबर म्हणते का? देवाचं जनुक असतं म्हणे, मग माझ्यात ते नाही का? लाळ पाठवून करतात त्या तपासणीत कळेल का? एकतीस वर्षं मी अकरावी-बारावीला मेंडेलचे वाटाणे शिकवले, पण वर्गात हे कुणी विचारलं नव्हतं.

'तुमच्याकडचं' म्हणजे माझे वडील, नाना, हे तुला कळलं असेलच. आगरकरांचं टेंभू आमच्या कराडजवळचं, आणि नाना त्याचा असा अभिमान बाळगायचे की जणू आगरकर आमच्या भावकीतलेच. आमच्या घरी देव्हारा नव्हता. तो जिथे असायचा त्या कोनाड्यात रेडिओ होता. त्यांची आई, माझी आजी, वारली तेव्हा नानांनी ना डोकं भादरलं, ना दहावं-बारावं केलं. भावकी वर्षभर आमच्याकडे पाणी प्यायली नाही. तेव्हा सासूबाईंच्या म्हणण्याला आधार नाही असं नाही. पण त्याच नानांचा मुलगा, तुझा मामा, दर वर्षी गुरुचरित्राचं पारायण करतो, पौर्णिमा नरसोबाच्या वाडीला गाठतो. आईवडील तेच, कोनाड्यातला रेडिओही तोच. मी मधली. संध्याकाळी दिवा लावते, कुणासाठी ते विचारू नकोस. आजींना म्हटलं, मग मामाचं रक्त कुठून आलं? क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "त्याच्या आईकडून." सोनू, हा सिद्धान्त कधीच चुकू शकत नाही, म्हणून तर तो बिनकामाचा आहे.

आधी ते देवाचं जनुक उरकते. २००४ साली डीन हेमर या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने त्या नावाचं पुस्तक लिहिलं आणि 'टाइम' साप्ताहिकाने तो विषय मुखपृष्ठावर घेतला. त्यातलं जनुक व्हीमॅट-२. ते सगळ्यांमध्ये असतं, तुझ्यातही आहे. मेंदूच्या पेशींमध्ये डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी रसायनं बारीक पुटिकांत भरून ठेवणारं प्रथिन त्याच्यामुळे तयार होतं. जनुक म्हणजे रासायनिक अक्षरांची लांब ओळ, हेमर बोलत होते त्यातल्या एका अक्षराच्या फरकाबद्दल. ज्यांच्यात अमुक अक्षर, त्यांना एका प्रश्नावलीत थोडे जास्त गुण मिळाले. प्रश्नावली तरी देवाबद्दलची होती का? तीही नाही. स्वतःला विसरून एखाद्या गोष्टीत बुडून जाणं, सगळ्या सृष्टीशी आपण एक आहोत असं वाटणं, असले प्रश्न. शास्त्रीय संगीत ऐकताना तुझा चहा गार होतो, त्यालाही तिथे गुण मिळाले असते. बरं, हा निष्कर्ष कुठल्या शोधपत्रिकेत तपासून छापून आलेला नव्हता, थेट पुस्तकात आला. कार्ल झिमर या विज्ञानलेखकाने तेव्हा थट्टा केली होती, की खरं तर पुस्तकाच्या नावातच लिहायला हवं होतं, प्रश्नावलीतल्या गुणांच्या फरकापैकी एक टक्काही न उलगडणारं जनुक. तेव्हा लाळेच्या नळीत हे शोधू नकोस.

पण म्हणून आजींचं म्हणणं साफ खोटं, असंही मला म्हणता येत नाही. खरा पुरावा जुळ्यांकडून येतो. एकाच बीजांडातून झालेल्या जुळ्यांची जनुकं जवळपास शंभर टक्के सारखी, दोन बीजांडांतून झालेल्यांची साध्या भावंडांइतकीच, सरासरी निम्मी. घर दोघांचंही एकच. मग पहिल्या जातीची जुळी एखाद्या बाबतीत दुसऱ्या जातीच्या जुळ्यांपेक्षा एकमेकांशी जास्त जुळत असतील, तर त्या जास्तीच्या जुळण्यात जनुकांचा हात धरायचा. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून लहानपणीच ताटातूट झालेली जुळी शोधून काढली, तीही यासाठीच, जनुकं तीच पण घर वेगळं.

त्यातली एक जोडी मला विसरता येत नाही. ऑस्कर आणि जॅक. १९३३ साली त्रिनिदादमध्ये जन्मले. वडील ज्यू, आई जर्मन कॅथलिक. आईबाप वेगळे झाले, आई ऑस्करला घेऊन जर्मनीला गेली, जॅक वडिलांकडे राहिला. ऑस्कर कॅथलिक म्हणून वाढला आणि हिटलरच्या युवक संघटनेत गेला. जॅक ज्यू म्हणून वाढला आणि पुढे इस्राएलच्या नौदलात भरती झाला. रक्त थेंबाथेंबाने सारखं, आणि एक भाऊ दुसऱ्याच्या जिवावर उठलेल्यांच्या गणवेशात. कोणता देव, कोणता ग्रंथ, कुणाचा द्वेष, यातलं काहीच रक्तातून आलं नाही. मोठे झाल्यावर भेटले तेव्हा म्हणे दोघंही मासिक मागून पुढे चाळायचे, मनगटाला रबर अडकवायचे, गर्दीत मुद्दाम मोठ्याने शिंकून लोकांना दचकवायचे. वर्तमानपत्रांनी हे रबर चघळून चघळून छापलं. मला त्याचं फार कौतुक नाही. दोन माणसांना हजार प्रश्न विचार, दहा-बारा उत्तरं जुळणारच.

बाबांचं याच चालीचं एक मत आहे. त्यांच्या मते तू आणि आजी एकाच मातीचे. त्या तापात फणफणल्या तरी एकादशीला भगर शिजेपर्यंत थांबतील, आणि तू पळीला हात लावणार नाहीस. हट्ट तोच, देव तेवढा गाळलेला. ऐकायला गोड आहे, मलाही दोन दिवस पटलं होतं. पण हे मनगटावरच्या रबरासारखंच झालं. हवं ते जुळवलं, बाकीचं सोडून दिलं. तू सकाळी नऊला उठतोस ते कुणाच्या मातीतलं, हे बाबा सांगत नाहीत.

आता एक आकडा देते, तो मात्र मन लावून वाच. मिनेसोटाच्याच गटाने २००५ मध्ये पुरुष जुळ्यांवरचा एक अभ्यास छापला. किशोरवयात किती धार्मिक होतो आणि आज किती आहोत, दोन्ही त्यांना विचारलं. किशोरवयातल्या धार्मिकतेच्या फरकात जनुकांचा वाटा निघाला १२ टक्के, घराचा ५६ टक्के. मोठेपणी जनुकांचा ४४ आणि घराचा १८. (लहानपणचं उत्तर आठवणीतून दिलेलं आहे, आणि आठवणीवर मी परीक्षेत अर्धेच गुण देत असे.) म्हणजे पोर हाताशी असेतो घर जिंकतं, उंबरा ओलांडला की पिंड डोकं वर काढतो.

आजींना हे आकड्यांत सांगून उपयोग नव्हता, म्हणून नामदेवांच्या घरातून सुरुवात केली. त्या घरात सगळेच अभंग रचणारे, आई गोणाई, बायको राजाई, मुलगे, सुना. म्हटलं, हे रक्त म्हणाल, पण जनाबाई? ती तर नात्यातली नव्हती, घरात कामाला होती, आणि आज ओठावर तिचेच अभंग जास्त. आजी खूश झाल्या. "ऐकून ऐकून शिकली ती. दळता कांडता कानावर पडत होतं." मग एकदम थबकल्या. तुला त्यांनी पहिलीपासून बारावीपर्यंत रोज संध्याकाळी मांडीशी बसवून हरिपाठ म्हणायला लावला होता, तुला अजूनही तो तोंडपाठ येतो, हे त्यांना आठवलं असणार. "मग याच्या कानाला काय झालं?" ५६ चे १८ कसे होतात, ते माझ्या घरात त्या क्षणी खाटेवर बसलेलं होतं.

४४ टक्क्यांचा अर्थही नीट लावून घे, कारण इथे माझे हुशार विद्यार्थीसुद्धा घसरायचे. तुझ्या नास्तिकपणातला ४४ टक्के भाग नानांचा, असा तो नाही. आपल्या शेजारच्या रानात ऊस आहे, को ८६०३२ जातीचा. ऊस बी पेरून करत नाहीत, टिपरी, म्हणजे उसाचेच तुकडे, लावतात. म्हणजे ते सगळं रान एकाच उसाची हजारो जुळी भावंडं. तरी पाटाकडेचा ऊस डोक्याच्या वर गेलाय आणि बांधाकडचा खुरटला. फरक सगळा पाण्याचा आणि खताचा. त्या रानात उंचीच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा शून्य. म्हणून उसाची उंची जनुकांत नसते म्हणशील? आता पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रात असतात तशा वेगवेगळ्या जाती शेजारी शेजारी लाव, सगळ्यांना पाणी सारखं, खत सारखं. आता फरक बहुतेक सगळा जातीचा. ऊस ऊसच आहे, आकडा मात्र शून्यावरून कुठल्या कुठे. तो आकडा रानाचा असतो, एकेका उसाचा नसतो.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा आपल्या आळीत एकादशी न धरणारं एक घर नव्हतं. ज्याच्या मनाला देवाची ओढ नव्हती तोही टाळ वाजवायचा. अशा ठिकाणी जुळी मोजली असती तर जनुकांचा वाटा चिमूटभर निघाला असता. तू बेंगळुरूला एका खोलीत राहतोस, तिथे कुणी विचारत नाही. तुझं काय ते तिथे कळणार. आमच्याकडून एवढंच आलं असेल, की असल्या गोष्टी तुला किती लागतात, किती जवळ येऊ द्यायच्या. ते ज्या हजारो अक्षरांत विखुरलंय त्यातलं एकेक धाग्याइतकं बारीक. आणि त्यात निम्मं बाबांकडचं, हे आजींना सांगायचं राहिलंच.

उरतं ते ना रक्ताचं, ना घराचं. नाना आगरकरांचं नाव घ्यायचे, म्हणून त्यांचंच सांगते. टिळक आणि आगरकर, दोघंही १८५६ चे. दोघंही पुण्यात डेक्कन कॉलेजात एकत्र, रात्र रात्र बोलत बसणारे. मिल, स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत दोघांच्याही हाताखालून गेले. दोघांची घरं देवाधर्माचीच. एकाने गणपती चौकात आणला, दुसऱ्याच्या विरोधकांनी तो जिवंत असताना त्याची प्रेतयात्रा काढली. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच वर म्हटलं. पण नाना हे उदाहरण टिळकांना हरवण्यासाठी द्यायचे, आणि मला आता वाटतं ते नानांनाच उलटं पडत होतं. पुस्तक वाचलं की माणूस शहाणा होऊन देव सोडतो, असं त्यांचं गणित. मामाने घरातली तीच कपाटभर पुस्तकं वाचली, आणि तो वाडीला जातो.

तेव्हा पाटावर बसला नाहीस याची जबाबदारी नानांवर टाकू नकोस, आणि श्रेयही त्यांना देऊ नकोस. तुझं तू बघ. मला एवढंच खटकलं, की तू आजींना आधी सांगितलं नाहीस. ऐन वेळी बाबांच्या हातात पळी गेली तेव्हा आजींचा चेहरा पाहिलास? सकाळी सांगितलं असतंस तर त्या तासाभर बोलल्या असत्या आणि संपलं असतं.

आषाढात पालखी येईल तेव्हा रजा टाक. मुक्कामाच्या दिवशी आपल्याकडे दीडशे भाकऱ्या आणि पिठल्याची मोठी कढई असते, दोन तव्यांवर दोन माणसं लागतात, माझा खांदा आता भरून येतो. आजींना म्हटलं सोनूला बोलावते. म्हणाल्या, "येऊ दे. पाया पड म्हणून कुणी सांगत नाही. पिठाचा डबा उचलेल ना?"

तुझी,
आई

ता. क. तपासणीचे पैसे वाचले आहेत तर आजींसाठी गुडघ्याचा पट्टा आण. मोठ्या मापाचा बघ, मागचा त्यांना करकचतो.