छंद तासिका परत द्या, रकाने तुम्ही ठेवा

मा. शिक्षणमंत्री महोदय,

स. न. वि. वि.

आठवड्यातली एक तासिका मुलांच्या छंदांसाठी, अशी घोषणा सत्राच्या सुरुवातीला आपणच केलीत. आम्ही टाळ्याही वाजवल्या. काल परिपत्रक आलं : ती तासिका रद्द, त्या जागी चाचणी सराव. कारण काय, तर 'अध्ययन निष्पत्ती नोंदवता येत नाही', म्हणजे मुलं काय शिकली ते.

मग घ्या नोंदवून. मी गणित शिकवते. नुसत्या कंपास-पट्टीने वाटेल त्या कोनाचे तीन समान भाग करता येत नाहीत, हे फ्रेंच गणितज्ञ वांत्सेलने १८३७ मध्ये सिद्ध केलं आणि मी ते दरवर्षी सांगते. या तासिकेत कागदाच्या घड्या घालत बसणारा एक मुलगा म्हणाला, "बाई, घडी घालून होतात की!" आणि करून दाखवलं. कागदावरचे दोन ठिपके एकाच घडीत दोन वेगवेगळ्या रेषांवर नेमके बसवायचे, सगळी गंमत तिथे आहे. मी कोनमापक लावून पाहिला. मग रात्री शोधत बसले. मार्गेरिता बेलॉक या इटालियन गणितज्ञ बाईंनी १९३६ मध्येच दाखवलं होतं, की अशा घडीने घन समीकरणंसुद्धा सुटतात. कंपास-पट्टीची धाव वर्गमुळापर्यंतच. पदवीच्या वर्गात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच मुलाने आणखी एक दिलं. घडी घालून सपाट केलेला कागद उलगडा, मधल्या भागात घड्या जिथे एकत्र येतात अशा कुठल्याही बिंदूपाशी उंच घड्या आणि खोल घड्या मोजा. फरक नेहमी २. सगळा वर्ग फरशीवर बसून मोजत होता, मीसुद्धा. माझे गुडघे त्या दिवशी दुखले नाहीत, हेही नोंदवा.

आपल्या प्रशिक्षणात मी काय शिकले? पडद्यावरचा मजकूर तज्ज्ञ वाचून दाखवत होते, तो आम्हालाही वाचता येत होता. सह्या मात्र दोन, सकाळी येताना आणि संध्याकाळी जाताना.

महिन्याला पंचवीस-तीस तक्ते तरी भरून मागता. कमीजास्त असतील, मोजायला सवड कुणाला आहे? घसा बसलेला, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उशाशी, आणि रात्री अकराला निरोप : 'लिंक आजच भरावी.' मुलांच्या पटापेक्षा आम्हाला पासवर्ड जास्त पाठ आहेत.

खरं दुखणं वेगळंच आहे, साहेब. तुमच्या यंत्रणेत ज्ञान फक्त वरून खाली येतं. खालून वर जाते ती माहिती, तीही विहित नमुन्यात. बाईला पोराकडून काही कळलं, हे लिहायला तुमच्याकडे रकानाच नाही, आणि ज्याला रकाना नाही ते घडलंच नाही! वर्गात पाय न ठेवता वेळापत्रक ठरवणारे अधिकारी आणखी काय करणार?

तो मुलगा चाचणीत मागे आहे. नव्या सरावाने कदाचित दोन गुण वाढतील त्याचे. कागद तर जप्तच होणार, कारण सराव सुरू असताना बाकावर दुसरं काही ठेवायचं नाही, असं त्याच परिपत्रकात म्हटलंय.

तासिका परत द्या. निष्पत्तीचा पुरावा हवा असेल तर एक कोरा चौकोनी कागद घेऊन या. तो मुलगा शिकवेल तुम्हाला, सही न मागता.

आपली,
एक गणित शिक्षिका