'समजा, तुम्ही नापास झालात...'

वाळपई, सत्तरी
रविवार, दुपार

प्रिय दीपा,

विद्यार्थ्यांचा चिवटपणा मोजणारा तुझा फॉर्म मिळाला. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मीच सापडले तुला! भरायला बसले आणि पहिल्याच परिच्छेदाला हसू फुटलं. 'समजा, तुमची असाइनमेंट नापास झाली आहे...' अगं, समजा कशाला? मी झालेच होते. तेही मेंटल हेल्थ नर्सिंगच्या इंटर्नलला! डिफेन्स मेकॅनिझम, म्हणजे मनाच्या बचावाच्या युक्त्या, सगळे तोंडपाठ, फक्त पेपर पाठवायच्या वेळी रेंज गेली आणि मी फोन बंद करून दोन दिवस पांघरुणात पडून राहिले. डिनायल म्हणजे नाकारणं, रिग्रेशन म्हणजे लहान मुलासारखं वागणं, उदाहरणासकट.

मार्च २०२० मध्ये हॉस्टेल सोडलं तेव्हा पंधरा दिवसांचेच कपडे घेतले होते, आठवतं? घरात रेंज नाही, म्हणून वर काजूच्या बागायतीत जाऊन बसायचं. जूनपासून एका हातात छत्री, दुसऱ्यात फोन आणि पायाला जळवा. इंजेक्शनचा सराव मी निरफणसावर केला, ९० अंशांत सुई. आई म्हणायची, 'पुरे गे, त्याची भाजी करायची आहे.' जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, नाइटिंगेलच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून. आमचं ते वर्ष काजूखाली गेलं.

त्या इंटर्नलनंतर मी शिक्षण सोडणार होते, हे तुला आज पहिल्यांदा सांगते. तू रोज रात्री नऊला फोन करून लॉगबुकच्या नोंदी वाचून दाखवायचीस. तुला वाटायचं, आपण अभ्यास करतोय. मी नुसता तुझा आवाज ऐकायचे.

मग मे २०२१. अंतिम वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांना वरिष्ठांच्या देखरेखीखाली कोविड ड्युटीवर घ्यावं, असं केंद्राने ३ मेला जाहीर केलं आणि माझं निरफणसावरचं शिक्षण एकदम माणसांवर आलं. पीपीई किटमध्ये सहा तास पाणी नाही, गॉगलवर वाफ, पाठीवर मार्करने लिहिलेलं नाव. पेडण्याकडचे एक आजोबा होते. खिडक्या बंद, म्हणून रोज विचारायचे, 'पावस आयलो गे बाय?' १६ मेला तौक्ते वादळ आलं, झाडं पडली, वीज गेली. दुसऱ्या दिवशी सांगायला गेले, तर त्या खाटेवर दुसराच पेशंट. चादर बदललेली. मी त्याचं बीपी घेतलं, चार्टवर लिहिलं, पुढच्या खाटेकडे गेले. रडू त्या दिवशी नाही आलं. ते आठवड्याने आलं, कँटीनमध्ये, चहात पाव बुडवताना.

तेव्हा मी मॅडमना जाऊन म्हटलं, 'उद्या वॉर्डात जायला मला जमणार नाही.' वाटलं, आता शेरा बसणार. त्यांनी एवढंच विचारलं, 'जेवलीस काय?' आणि दोन दिवस मला स्टोअरमध्ये ग्लोव्हज मोजायला बसवलं. तिसऱ्या दिवशी मी आपणहून वॉर्डात गेले. बहादुरी कसली, ग्लोव्हज मोजून कंटाळले होते!

म्हणूनच तुझ्या मोजपट्टीशी माझं थोडं भांडण आहे. मानसशास्त्रज्ञ सायमन कॅसिडींनी ती २०१६ मध्ये मांडली, ३० विधानं, हे मी वाचलं. चिकाटीची १४, स्वतःकडे वळून पाहण्याची आणि मदत मागण्याची ९, मन खचण्याची ७. मदत मागणं हा चिवटपणाचाच भाग मानलाय, हे मला फार आवडलं. आपल्याला कोणी असं शिकवलं नव्हतं. आपल्याकडे 'नर्सने रडायचं नसतं' एवढंच. पण वाटणी उलट हवी होती. माझी चिकाटी काजूखालीच संपली होती, पुढचं सगळं मागून आणलेलं. आणि मागायला समोर माणूस लागतं. ज्या मुलीला रात्री नऊचा फोन येत नव्हता, तिचे गुण कमी पडले तर तो तिचा कमकुवतपणा धरणार का तू? निदान एक प्रश्न आपल्या पदरचा घाल: तेव्हा तुम्ही कोणाला फोन करत होता?

आता १४४१६ ला, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन लावता येतो. माझ्या वॉर्डातल्या विद्यार्थिनींना तो नंबर मी पहिल्याच दिवशी लिहून देते. त्या हसतात.

आई विचारते, चवथीला येतेस काय? गणपतीवर फळा-फुलांची माटोळी बांधायला हात कमी आहेत. फॉर्म सोबत आहे. दोन विधानं कोरी ठेवलीत, त्यांचं फोनवर विचार. नऊला.

तुझी,
सुमा